साडेनऊ-पावणेदहा : भोसरीतल्या एका कारखान्यातलं वेळेचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जुलै २०२४ मध्ये उशिरा येणाऱ्यांना दंड सुरू झाला. डिसेंबर संपेपर्यंत लेट मार्क कमी होण्याऐवजी वाढले होते आणि बावीस वर्षं तिथे असलेल्या सुपरवायझरनी राजीनामा दिला होता. जानेवारीत मालकांचा मला फोन आला. "मॅडम, आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही. काहीतरी करा."

मी छोट्या उद्योगांसाठी मनुष्यबळाचं सल्लागारी काम करते. हे वाक्य पुण्यातल्या बऱ्याच मालकांनी मला ऐकवलं आहे. या वेळी ठरवलं, उपाय सांगण्याआधी हे वाक्य खरं आहे का ते बघायचं. तीन आठवडे मी कारखान्यात जाऊन बसले. पुढे लिहिलं आहे ते तिथे पाहिलेलं आणि माणसांनी सांगितलेलं. नावं देत नाही. सुपरवायझरना सगळा कारखाना 'मामा' म्हणतो, मीही तेच म्हणते.

थमची नोंद

कारखान्यात साठेक माणसं. वाहन उद्योगासाठी टर्निंग-मिलिंगचे सुटे भाग बनतात. सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीन तीन पाळ्यांत चालतात, पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते. स्टोअर, क्वालिटी, डिस्पॅच, अकाउंट्स आणि सुपरवायझर यांची जनरल शिफ्ट नऊची. दंडाचा नियम असा होता : दहा मिनिटांची सूट, त्यानंतर थम (हजेरीच्या यंत्रावर अंगठा) लागला की शंभर रुपये, आणि महिन्यात तीन लेट मार्क झाले की शिवाय अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा.

सहा महिन्यांची थमची नोंद काढली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट डोळ्यांत भरली. लेट मार्कांचा ढीग जवळपास सगळा जनरल शिफ्टचा होता. सातच्या पाळीत शोधून काही सापडेना. सातची माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती. मोशी, दिघी, चऱ्होली, आळंदी इथूनच येणारी, त्याच घरांतली. दोन सख्खे भाऊ तिथे होते. धाकटा सातच्या पाळीला, कधीही उशीर नाही. थोरला डिस्पॅचला नऊचा, महिन्यात पाच-सहा लेट मार्क.

एका सकाळी पावणेसातला मी शॉप फ्लोअरवर उभी राहिले. रात्रपाळीचा ऑपरेटर मशीन पुसत होता आणि मधूनमधून गेटकडे बघत होता. सात वाजायला चार मिनिटं असताना त्याचा रिलीव्हर आला. दोघांनी कोणता टूल बदलायचा, कोणत्या जॉबचं (मशीनवरच्या भागाचं) माप सरकतंय एवढं बोलून घेतलं आणि पहिला निघाला. मी दुसऱ्याला विचारलं, तुम्हाला उशीर कसा होत नाही? तो म्हणाला, "मॅडम, मी आलो नाही तर त्याला मशीन सोडता येत नाही. रात्रभर उभा असतो तो. आज मी त्याला अडकवलं तर उद्या तो मला अडकवेल."

माझ्या मते या प्रकरणातलं निम्मं उत्तर त्याच्या या तीन-चार वाक्यांत होतं. तेव्हा मात्र मी ते फक्त वहीत उतरवलं.

सव्वानऊची मीटिंग

जनरल शिफ्टचा दिवस मालकांच्या केबिनमधल्या मीटिंगने सुरू होई. कागदावर वेळ सव्वानऊ. बोलण्यात मात्र कुणीच सव्वानऊ म्हणत नसे. "साडेनऊ-पावणेदहाला मीटिंग होते," असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं.

आपल्या बोलण्यातली ही जोडवेळ नीट बघण्यासारखी आहे. 'पाच-साडेपाचला या', 'अकरा-सव्वाअकरापर्यंत पोचतो', 'जेवणं झाली की निघतो'. यात आळस नाही. पुढच्या माणसाला मोकळीक देण्याची ही आपली रीत आहे. पाहुण्याला 'बरोब्बर पाचला या' म्हटलं तर ते घरात आलेल्या नोटिशीसारखं वाटतं. उलट जिथे वेळ ठरलेली आहे तिथे मराठीत आपण ती 'पाळतो'. शब्द पाळतो, व्रत पाळतो, त्याच क्रियापदाने वेळ पाळतो. म्हणजे भाषेत दोन्ही सोयी आहेत. गोंधळ होतो तो पाळायची वेळ जोडवेळेत सांगितली की.

मालक राहायला बावधनला. चांदणी चौकातून महामार्गाला लागायचं, वाकडवरून नाशिक फाटा आणि मग भोसरी. ते पोचायचे नऊ चाळीस ते नऊ पन्नासच्या दरम्यान. तीन आठवड्यांत सव्वानऊला ते एकदाही आले नाहीत. त्यात त्यांचा बेफिकीरपणा होता असं मला वाटत नाही. घरातून निघताना ग्राहकांचे फोन सुरू व्हायचे आणि ते कुणाला 'आत्ता नको' म्हणत नसत. परिणाम मात्र असा की केबिनबाहेर सात माणसं रोज अर्धा तास उभी. डिस्पॅचवाला तिथे अडकलेला, म्हणून गाडी भरायची थांबलेली. क्वालिटीची ताई तिथे, म्हणून पहिल्या पाळीचे पहिले जॉब तपासणीविना पडलेले. सात माणसांचा अर्धा तास म्हणजे रोजचे साडेतीन तास. थमवर या साडेतीन तासांची नोंद कुठेच नव्हती.

हे सातही जण हळूहळू नऊच्या पुढे सरकले. नऊला येऊन काय करायचं, उभंच राहायचं ना? त्यांना वेळेची किंमत चांगली कळत होती. म्हणून तर ते ती तिथे उभं राहण्यात घालवत नव्हते.

शंभर रुपये

दंडाने उशीर का वाढला, हे मालकांना पटत नव्हतं. मी त्यांना इस्रायलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग सांगितला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. दहा पाळणाघरं, मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. त्यांपैकी सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर दहा शेकेल दंड लावला. उशीर करणारे पालक कमी होण्याऐवजी वाढत गेले आणि पुढे साधारण दुप्पट झाले. आधी उशीर झाला की शिक्षिकेला तोंड दाखवायची लाज वाटायची. दंड आल्यावर तो उशीर विकत घेता यायला लागला. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी पालकांची सवय पहिल्यासारखी झाली नाही.

स्टोअरमधल्या चोवीस वर्षांच्या पोराने मला हेच त्याच्या शब्दांत सांगितलं होतं : "आधी मामांसमोर यायला कसंतरी व्हायचं. आता शंभर भरले की विषय संपला."

हाच पोरगा एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. गणेशोत्सवाआधी दोन-अडीच महिने नदीकाठी त्यांचा सराव चालतो. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे दंड सुरू झाला तेव्हा सरावही भरात होता. सरावाला हा कधी उशिरा पोचला का, असं मी विचारलं तर त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "ताशाशिवाय ढोल उचलणार कसे, मॅडम? चाळीस जण माझ्या तोंडाकडे बघत बसणार का?" भोसरीतून सहाला सुटून, गर्दी कापत तो साडेसहाला हजर असायचा. सकाळी तोच नऊ वाजून वीस मिनिटांनी थम लावायचा, कारण स्टोअरचं कुलूप उघडलं तरी मीटिंग होईपर्यंत माल मागायला कुणी येत नसे.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी काळाकडे बघण्याच्या दोन रीती सांगितल्या : एका वेळी एकच काम, ठरल्या वेळापत्रकाने करणारे समाज, आणि एका वेळी अनेक कामं, माणसं बघून पुढेमागे करणारे समाज. व्यवस्थापनाच्या वर्गांत आपल्याला झटकन दुसऱ्या खणात टाकलं जातं. मला ही मांडणी उपयोगी वाटते, पण लोकांवर शिक्का म्हणून ती वापरली की माझी हरकत आहे. हा पोरगा कोणत्या खणात बसवायचा? सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या? बालगंधर्व रंगमंदिरात तिसरी घंटा झाली की नाटक सुरू होतं, हे ठाऊक असलेला माणूस साडेपाचच्या प्रयोगाला पाच वीसला खुर्चीत असतो. त्याच माणसाला बारशाचं पाचचं बोलावणं असेल तर तो सहाला जातो, आणि तेच बरोबर असतं. ठोक्याला पाचला गेलं तर घरातल्या बायका अजून तयार होत असतात. माणूस कुठे कुणाला खोळंबून ठेवतो आहे हे ओळखतो आणि तसा वागतो.

क्वालिटीची ताई

या योजनेत सगळ्यात जास्त दंड भरणारी व्यक्ती कारखान्यातली सगळ्यात चोख कर्मचारी होती. ताई धनकवडीहून येते. पहाटे मुलाचा डबा, सासूबाईंची औषधं, मग बसने स्वारगेट. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हापासून तिथून नाशिक फाट्यापर्यंतचा प्रवास घड्याळासारखा झाला. दोन्ही टोकं मात्र तशीच राहिली : सकाळी बस कधी येईल आणि नाशिक फाट्यावर शेअर रिक्षा कधी भरेल. ती नऊ बारा, नऊ चौदा, नऊ सतराला पोचायची. संध्याकाळी शेवटची तपासणी झाल्याशिवाय निघायची नाही, म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास जास्त. थम जाण्याची वेळही नोंदवत होता, पण तो रकाना कुणी बघत नव्हतं.

नोव्हेंबरात तिचे दंडाचे नऊशे रुपये झाले, अर्ध्या दिवसांची कपात वेगळी. पगार अठरा हजार. इथे मी मालकांना थांबवलं, कारण हा कायद्याचा प्रश्न होता. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान कायदा, १९३६ प्रमाणे एका वेतन कालावधीतला एकूण दंड त्या काळातल्या वेतनाच्या तीन टक्क्यांहून जास्त असता कामा नये. अठरा हजारांवर ते होतात पाचशे चाळीस. शिवाय कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल त्याची यादी आधी मंजूर करून घेऊन लावावी लागते, माणसाला आपलं म्हणणं मांडू द्यावं लागतं, दंडाची नोंदवही ठेवावी लागते आणि जमा रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरावी लागते. कामावर नसल्याबद्दल जी कपात करायची ती जेवढा वेळ नव्हता त्याच प्रमाणात. तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्येही तीन टक्क्यांची मर्यादा आहे. मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. बहुतेक छोट्या कारखानदारांना नसतं. 'तीन लेट, हाफ डे' हा नियम एकाकडून दुसऱ्याने उचललेला असतो.

मुहूर्त

मामा का गेले, हे मला कारखान्यात कुणी धड सांगेना. मालक म्हणाले, "शंभर रुपयांवरून रुसले. एवढ्या वर्षांच्या माणसाने असं करायला नको होतं." मी मामांना मोशीतल्या एका चहाच्या टपरीवर भेटले. पहिला अर्धा तास ते मशीनबद्दलच बोलले. मग थांबून म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं कळलं का तुम्हाला?"

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त निघतात. मामांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात, राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका मंगल कार्यालयात होतं. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांचा. मामा आणि मामी दोघं बावधनला जाऊन अक्षत देऊन आले होते. साहेब म्हणाले होते, "मुहूर्ताला मी असणारच."

पूर्वी मुहूर्ताची वेळ घटिकापात्राने मोजत. पाण्यावर तरंगणारं तळाला भोक असलेलं भांडं भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. घटका भरली म्हणजे भरली, ती कुणासाठी थांबत नसे. आता मनगटावर घड्याळ आहे आणि घटका थांबवता येते. साडेबाराला मामांनी गुरुजींना हळूच सांगितलं, पाच मिनिटं घ्या, आमचे साहेब येताहेत. फोन लावला तर उत्तर आलं, "पोचतोच आहे." साहेब तेव्हा नाशिक फाट्यावर होते. वरपक्ष कुजबुजायला लागला. वराचे काका येऊन म्हणाले, मुहूर्त तुमचा की तुमच्या साहेबांचा? अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात दुखले, त्यांनी तो खाली घेतला. एक वाजून दहा मिनिटांनी गाडी आली, फेटा बांधला, मग मंगलाष्टका झाल्या. एकोणचाळीस मिनिटं, दीड घटकेहून जास्त. साहेबांनी मामांना मिठी मारली आणि म्हणाले, "अहो, माझ्यासाठी कशाला थांबलात?"

पुढच्या आठवड्यात मामा लेकीला सासरी सोडून परतताना रस्त्यात अडकले. नऊ बावीसला थम लागला. लेट मार्क, शंभर रुपये.

"शंभराचं काही नाही हो," मामा म्हणाले. "त्या दिवशी केबिनबाहेर उभा होतो. पावणेदहा झाले, साहेब यायचे होते. मला एकदम अंतरपाट आठवला. आत जाऊन कागद लिहिला."

मालकांशी बोलणं

हे सगळं मालकांना एकदम सांगणं मला जमलं नाही. आधी सातच्या पाळीचे आकडे दाखवले, मग मीटिंगबाहेरच्या साडेतीन तासांचा हिशेब, मग ताईचा जायच्या वेळेचा रकाना. ते प्रत्येक ठिकाणी वाद घालत होते आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं. लग्नाचं सांगितलं तेव्हा मात्र ते काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला वाटलं होतं, मी पोचलो हेच त्यांना मोठं वाटलं असेल."

मला जे दिसलं ते मी त्यांना तसंच सांगितलं. तुमच्याकडे उशीर दोन प्रकारचा आहे. खालच्या माणसाचा उशीर नोंदला जातो, त्याला दर आहे. वरच्या माणसाचा उशीर कुठेच नोंदला जात नाही, तो इतरांच्या पायांत आणि मनांत साठत राहतो. आपल्याकडे थांबवून ठेवणं हा मोठेपणाचा हक्क आणि थांबणं हे लहानाचं कर्तव्य, असं आपण न बोलता मानत आलो आहोत. लग्नातल्या सत्कारांपासून सरकारी कचेरीतल्या बाकड्यापर्यंत तेच दिसतं. लोकांना वेळ कळत नाही असं त्यात काही नाही. कुणाची वेळ मोजायची नसते हे त्यांना फार चांगलं कळतं.

फेब्रुवारी २०२५ पासून दंड बंद झाला. घेतलेले पैसे परत केले. मीटिंग पावणेदहाला ठेवली, कारण मालक त्या वेळी खरोखर पोचू शकतात. ती शॉप फ्लोअरवर उभ्याने होते, डिस्पॅचचा प्रमुख ती सुरू करतो, आणि उशिरा आलेल्याला आधीचं पुन्हा सांगत नाहीत, मग तो कुणीही असो. ज्यांच्या कामात पाळीची अदलाबदल नाही त्यांनी आपली येण्याची वेळ स्वतः लिहून द्यायची, पण जोडवेळ नाही, एकच आकडा. ताईने साडेनऊ ते सहा लिहिलं. स्टोअर सकाळी पहिल्या पाळीला माल देईल असं ठरलं, म्हणजे स्टोअरच्या दाराशी आता कुणीतरी वाट बघत असतं. 'निघालोच' ऐवजी कुठे आहे ते खरं सांगायचं. खरं सांगून उशिरा आलेल्याला कुणी काही बोलायचं नाही.

सगळं सुरळीत झालं नाही. अकाउंट्समधल्या दोघांना ही मोकळीक म्हणजे ताईचे लाड वाटतात. स्टोअरचा पोरगा आठवड्यातून एकदा उशिरा येतोच, पण आता दारात उभा असलेला ऑपरेटर त्याला चार शब्द ऐकवतो. मार्चमध्ये एकदा मालक दहाला आले, मीटिंग संपली होती, आणि ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. डिस्पॅचच्या प्रमुखाने मला घाबरून फोन केला. मी म्हटलं, उद्याही पावणेदहालाच सुरू करा.

गुरुवार

भोसरीत सुट्टी गुरुवारची. एप्रिलमधल्या एका गुरुवारी मालक मला म्हणाले, मामांकडे जायचंय, तुम्ही याल का? त्यांनी मामांना फोनवर 'चारला येतो' म्हणून कळवलं होतं. मोशीच्या त्या गल्लीत आम्ही चारला दहा मिनिटं असताना पोचलो. मालकांनी गाडी कडेला लावली आणि काच खाली करून बसून राहिले. "आधी गेलो तरी त्यांची धावपळ होईल," म्हणाले. बरोबर चारला बेल वाजवली.

दार उघडलं मामींनी. केस नुकतेच धुतलेले, हातात कंगवा. आम्हाला बघून त्या दचकल्याच. "अगं बाई, साहेब! हे आत्ताच बाहेर गेले. आळंदीला कुणाला तरी गाठून येतो म्हणाले. तुम्ही चार म्हणालात म्हणजे पाच-साडेपाच होतील, असं धरलं होतं आम्ही. थांबा, फोन लावते त्यांना."

"नको वहिनी, सावकाश येऊ द्या त्यांना," मालक म्हणाले. चपला काढून ते आत आले आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. मामींनी पंखा लावला, पाणी आणलं, चहाचं आधण ठेवलं. मामा आले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती.